छत्तीस पाठी

छत्तीस चित्रांतून शेवडेशास्त्र्यांना काय काय मिळणार होतं, याची मोजदाद मी त्यांच्या कोटाचं माप घेता घेता केली होती.

"जरा ताठ उभे राहा, शास्त्रीबुवा."

"ताठच आहे रे."

ताठ नव्हते. पोथीवर चाळीस वर्षं वाकलेली पाठ; मागची लांबी पुढच्यापेक्षा दीड इंच जास्त धरावी लागली. माणसाला आपण ताठ आहोत असं वाटत असतं, खरी गोष्ट शिंप्याच्या टेपाला कळते.

मिळकत तीन प्रकारची होती. नदीपलीकडच्या गावात एक तरुण जोशी मोटारसायकलवर पंचांग बांधून फिरायला लागला होता. त्याच्याकडे वळलेली माणसं परत येणार होती, ही एक. आमच्या उंबरवाकच्या रामलिंगाच्या सभामंडपात, दाराशी, संगमरवरावर शास्त्र्यांचं नाव लागणार होतं, ही दुसरी. या दोन त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितल्या. तिसरी मी ओळखली. कोट त्यांना महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी हवा होता, आणि त्याच दिवशी पुण्याहून त्यांचा इंजिनियर मुलगा येणार होता. हा मुलगा बापाच्या शास्त्राला हसायचा. त्याला एकदा गप्प झालेला बघायचं, एवढ्यासाठी शास्त्र्यांनी वीस वर्षं पंचांच्या मागे लागून सभामंडपाची उत्तरेची भिंत मागून घेतली होती.

"राशी बारा, हे तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "प्रत्येक राशीचे तीन तुकडे. त्या तुकड्याला द्रेष्काण म्हणतात. असे छत्तीस. आणि प्रत्येकाला स्वतःचं रूप आहे, वसंता. कुणी कुऱ्हाड घेऊन उभा आहे. कुणी होडीत बसून बायकोसाठी दागिने आणायला समुद्रापार निघालाय. कुणाला गरुडाचं तोंड आहे. दर चाळीस मिनिटांनी पूर्वेला त्यांतला एक उगवतो, रात्रंदिवस. आपल्याला दिसत नाही इतकंच. आमच्या घरच्या पोथीत वर्णनं आहेत, पण चित्रं कुणी काढलीच नाहीत."

"काढून उपयोग काय?"

"कुणाचं काही हरवलं आणि त्यानं येऊन प्रश्न विचारला, तर त्या क्षणी जो द्रेष्काण उगवत असेल त्याचं रूप, तेच चोराचं रूप. भिंतीवर बोट ठेवून दाखवता येईल."

"मग फौजदाराला घरी बसवा की."

"खांद्याचं माप नीट घे," शास्त्री म्हणाले.

ही एकोणीसशे एकोणसत्तरची गोष्ट. चित्रं काढायला मिरजेहून केरबा जिनगर आले. साठीचे, काटकुळे, बोटांच्या पेरांत कायमचा रंग. आयुष्यभर त्यांनी ताबूत, पालख्या, तमाशाचे पडदे आणि ट्रकच्या फळ्या रंगवल्या होत्या. गावानं त्यांना धर्मशाळेत जागा दिली. संध्याकाळी शास्त्री पोथीतलं एक वर्णन वाचून, त्याचा अर्थ सांगून जायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाअण्णा देवळाच्या पायरीवर येऊन बसायचे. नुसते बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचे, विडी ओढायचे. माझं दुकान देवळासमोरच, त्यामुळे मला त्यांची हजेरी घेता येत होती.

"तीन दिवस झाले, भिंतीला बोट लावलं नाही," मी शालनला म्हटलं. "शास्त्र्यांच्या पोथीत आळशी माणसाचा पण एक द्रेष्काण असणार."

"गप बसा. ऐकतील ते," शालन म्हणाली.

शालन म्हणजे माझी बायको. दुकानातली दुसरी मशीन तिची. पोलकी, परकर, देवीची खणाची चोळी, सगळं बारीक काम तिच्या हातचं. मी आपला पुरुषांच्या पाठी झाकायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिला दागिन्यांची फार हौस. हौसच फक्त, दागिने कुठले!

चौथ्या दिवशी केरबाअण्णांनी भिंतीला हात घातला. चुन्याच्या कोरड्या गिलाव्यावर डिंकात कालवलेला रंग: हिंगूळ, पेवडी, नीळ, काजळी. पहिलं चित्र मेष राशीचं. लाल डोळ्यांचा, कुऱ्हाड उगारलेला पुरुष, असं पोथीत होतं. अण्णांनी तो पाठमोरा काढला. फक्त मान थोडी वळलेली आणि डोळ्याचा लाल कोपरा दिसतोय.

शास्त्री वैतागले. "देवळात पाठमोरी माणसं? लोक काय म्हणतील?"

"बुवा, ही रूपं उगवून वर चाललीत न्हवं?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मग ती आपल्याकडं कशाला बघतील? आपण खाली उभं. त्यांची पाठच दिसणार."

शास्त्री उघड्या तोंडानं भिंतीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं वाचतोय. हे माझ्या लक्षात आलं नाही."

त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेलो आणि चित्रासमोर थबकलो. कुऱ्हाडवाल्याची मान उजवीकडे दबलेली होती. उजव्या बाजूची मानेखालची घडी माझ्या चांगल्या ओळखीची होती. सात वर्षं त्या घडीसाठी मी कॉलरला पाव इंच सोडत आलो होतो.

"अण्णा," मी म्हटलं, "हे सर्जेराव पाटील आहेत."

अण्णांनी ब्रश खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"मान म्हणते."

ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "वळखलंस, लेका! पण तोंड बघ, तोंड पाटलाचं हाय का?"

"नाही."

"तोंड मी गावातलं घेत न्हाई. तोंड माणूस दुसऱ्याला दाखवायला ठेवतो. पाठीवर त्याचा ताबा नसतो. म्हणून पाठ घेतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे, टेलर. माणसाच्या अंगाकडं बघून पोट भरणारं या गावात आपण दोघंच. बाकी कुणाला दिसायचं न्हाई. आन् दिसलं, तर चित्र मेलं. मग पाटील ऱ्हाईल, आभाळातला कुऱ्हाडवाला ऱ्हाणार न्हाई."

मी शब्द दिला. असला शब्द पाळणं माझ्यासारख्याला किती जड, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. अडीच महिने मी रोज दुपारी भिंतीसमोर जाऊन एकट्यानं हसत होतो. गरुडाच्या तोंडाचा धनुर्धारी आला, त्याचे फेंगडे पाय म्हादू गुरवाचे. होडीतला, दागिन्यांसाठी समुद्रापार चाललेला माणूस आला. त्याच्या पाठीला दीड इंच जास्त कापड लागलं असतं. बाजारात तराजू धरून बसलेला तूळ राशीचा पुरुष आला. तो कोण ते मला कळेना, आणि अण्णा सांगेनात.

मिथुन राशीचं पहिलं चित्र पुरं झालं, त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. पाठमोरी बाई, दोन्ही हात वर केलेले, एक टाच उचललेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. ती अनसाक्का होती, टांगलेल्या दिव्यात तेल घालायला उंच झालेली. रोज दोनदा मी दुकानातून ते बघत होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं. अण्णांनी तिच्या बोटांच्या टोकांशी दिवा काढला नव्हता. तिथं नुसती पेवडी होती, पिवळा उजेड, आणि ती बाई सगळं अंग ताणून त्याला हात लावू बघत होती.

अनसाक्का म्हणजे देवळाची गुरवीण. पंचेचाळिशीची, विधवा, मूल नाही. देवळाची सहा महिन्यांची पाळी तिची, सहा महिन्यांची तिच्या दिराची, म्हादूची. पाळी होती म्हणून देवळामागची खोली होती. पाळी गेली की खोली गेली, आणि तिला जायला दुसरं घर नव्हतं.

महाशिवरात्रीला सकाळी पडदा ओढला.

मी टिंगल करणारा माणूस. पण त्या दिवशी मीही हात जोडले. दक्षिणेच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा भिंतीवर पडला होता आणि दिवसभर तो एकेका चित्रावरून सरकत गेला. ज्याच्यावर ऊन यायचं ते रूप जागं व्हायचं, बाकीची पस्तीस सावलीत वाट बघायची. बारा-बारांच्या तीन ओळी. शस्त्रं घेतलेले, साप गुंडाळलेले, घडे घेतलेले, पक्ष्यांच्या तोंडाचे, सगळे आपल्याकडे पाठ करून वर निघालेले. खाली उभं राहिलं की वाटायचं, हे सगळे कुठेतरी जातायत आणि आपण मागे राहिलो. बायकांनी पदर नीट केले. कुणीतरी नारळ फोडायला घेतला आणि तसाच हातात धरून राहिला. शास्त्र्यांच्या मुलानं गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो न काढताच खाली सोडला. मग तो एवढंच म्हणाला, "बाबा, हे रोज उगवतात?"

"रोज," शास्त्री म्हणाले.

त्या एका शब्दात त्यांची वीस वर्षं वसूल झाली. मी कोटाकडे बघितलं; पाठ खरोखर ताठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी पार्वतीची नथ नाहीशी झाली.

नथ सात मोत्यांची, वर्षातून दोनदा पेटीतून निघायची. त्या सकाळी दागिने उतरवायच्या वेळी गाभाऱ्यात दोनच बायका गेल्या होत्या: एक अनसाक्का, पाळी तिची म्हणून, दुसरी शालन, नवी चोळी देवीच्या अंगावर बसवायला. उतरवलेले दागिने अनसाक्कानं ताटात ठेवले, ताट झाकलं, आरतीला बाहेर आली. परत गेली तर नथ नाही. दोन दिवस देऊळ झाडून काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलांनी शास्त्र्यांकडे जाऊन प्रश्न विचारला.

चौथ्या दिवशी सकाळी गाव सभामंडपात जमलं. खरं तर ती सकाळ केरबाअण्णांच्या निरोपाची ठरली होती. शेला आणि नारळ ताटात तयार होता. ते ताट खांबाशी तसंच राहिलं.

शास्त्री उभे राहिले. आवाज कापत होता, पण खोटेपणानं नव्हे. त्यांचा त्या शास्त्रावर श्वासाइतका विश्वास होता.

"प्रश्न काल दुपारी दीड वाजता विचारला गेला. त्या वेळी मिथुनेचा पहिला द्रेष्काण उगवत होता. पोथीतलं रूप असं: स्त्री. हात वर केलेले. मूल नसलेली. मन दागिन्यांकडे." ते थांबले. "सुईकामात निपुण."

सुईकाम म्हटल्यावर बायकांच्या बाजूला हालचाल झाली. माना वळल्या, एकामागून एक, आणि सगळ्या एकाच जागी येऊन थांबल्या. शालन तिथं बसली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

मी उठलो.

"पोथीचं काय घेऊन बसलाय?" मी म्हटलं. "चित्र काढलंय ना समोर? चित्र बघा. तो खांदा बघा, उजवा. टाच बघा. दिव्यात तेल घालताना कोण असं उभं राहतं?"

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. मग दिव्याकडे. मग अनसाक्काकडे.

एकदा दाखवलं की दिसतंच. दोनशे माणसांना एकाच वेळी दिसलं, आणि सभामंडपात असा काही हुंकार उठला की खांबावरची कबुतरं उडाली. शास्त्रानं सांगितलेलं रूप, नथ नाहीशी व्हायच्या आधीच भिंतीवर उतरलेलं, आणि हुबेहूब तिचं! यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

"देवानंच काढून ठेवलंय हो!" म्हादू गुरव पुढे येऊन म्हणाला. वहिनीची सहा महिन्यांची पाळी त्याच्या डोळ्यांत तेव्हाच दिसायला लागली होती.

अनसाक्का उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती, चित्राकडे बघत होती. "ही मी?" ती म्हणाली. "मी अशी दिसते?" आपल्यावर काय येतंय ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती दोन पावलं पुढे गेली. "एवढी चांगली?"

"अनसा," सर्जेराव पाटील म्हणाले, "किल्ली ठेव. संध्याकाळपतोर खोली मोकळी कर. नथ दिलीस तर बाकी काय बोलणार न्हाई आम्ही."

तेव्हा तिला कळलं. कमरेची किल्ली तिनं मुठीत धरली.

केरबाअण्णा मागे, आपल्या रंगाच्या डब्यांजवळ बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, म्हणून ते कधी उठले ते मला दिसलं नाही. आवाज आला तेव्हा ते भिंतीपाशी होते.

"शास्त्रीबुवा, एक विचारू? पाटील काल जेवून जरा आडवं झालं असतं आन् सव्वादोनला आलं असतं, तर?"

शास्त्र्यांनी मनात गणित केलं. "तर मिथुनेचा दुसरा."

"हा गरुडाच्या तोंडाचा, धनुष्य घेतलेला. मग चोर हा?"

"शास्त्राप्रमाणे... हो."

"म्हादू, जरा त्या खांबापतोर चालून ये."

"मी? कशाला?"

"चाल की. का पायात काय भरलंय?"

म्हादू चालला. खांबापर्यंत गेला आणि वळला. कुणीतरी हसलं, आणि ते हसू मध्येच तुटलं. भिंतीवरचा गरुडमुख्या त्याच फेंगड्या पायांवर उभा होता.

"ह्याच्या पुढचं चित्र तुमचं बघा, दगडूशेठ. हात मागं बांधून दुकानात उभं ऱ्हाता, तेच हात. सकाळी दहाला प्रश्न इचारला असता तर हे मेषेचं पहिलं आलं असतं. पाटील, तुमची मान हाय ती. टेलरला इचारा. त्यानं पहिल्या दिवशी वळखली." अण्णा ओळीनं चालत होते, हातातल्या ब्रशच्या काडीनं दाखवत होते. "पहाटे चारला ही घडा घेतलेली: चंपाबाई कासारीण. ही भाऊराव मास्तरांची पाठ, हिच्यावर मी साप घातला, माफ करा मास्तर. हा सुतार. ही पाटलीणबाई. ह्या मांडवात तीन महिने मी तुमच्या पाठीच बघितल्यात. दिवसाला छत्तीस चोर हायत तुमच्या गावात, बुवा. चाळीस मिनटाला एक. फक्त इचारायची वेळ बदलायची."

ते बोलत होते आणि माणसं उठून उभी राहत होती. कुणी रागानं उठलं नव्हतं. मी जन्मात तसं दृश्य पाहिलं नाही. ज्याचं नाव घेतलं तो आपोआप आपल्या चित्रासमोर जाऊन उभा राहायचा आणि मागच्यांना दोन दिसायचे, एक मातीतला आणि एक रंगातला, दोघांची पाठ आपल्याकडे. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. अख्खं गाव भिंतीकडे तोंड करून, स्वतःच्या पाठीकडे बघत. सभामंडपात फक्त अण्णांचा आवाज आणि कबुतरांचे पंख.

शास्त्र्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही. शास्त्री स्वतःच चालत गेले, त्या होडीतल्या माणसापाशी. कर्केचा तिसरा. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

"माझी पाठ एवढी वाकली आहे?"

"आपली पाठ कुणाला दिसत नसती, बुवा."

शास्त्र्यांनी हात पुढे केला आणि चित्रातल्या पाठीवरून, रंगाला न लावता, हवेतच फिरवला.

आधी पाटील चित्रापासून मागे सरले. "किल्ली ऱ्हाऊ दे अनसाकडं." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "पण हे इथं ठेवायचं न्हाई. उद्या कुणाची शेळी गेली, कुणाचं भांडं गेलं, की सगळी इथं येणार. कुणाच्या तरी पाठीवर बोट पडणार. पुसा हे."

विरोध कुणी केला नाही. मघाशी जे स्वतःसमोर हरखून उभे होते, तेच आता खाली मान घालून म्हणत होते, पुसा. सगळे शास्त्र्यांकडे बघत होते. भिंत त्यांनी मागितली होती. त्यांचा मुलगा अजून गावातच होता, दाराशी उभा होता.

"पुसा," शास्त्री म्हणाले.

"माझं मी पुसतो," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याचा हात नको."

चुना कालवायला अनसाक्कानं पाणी आणलं. घागरीवर घागर. कुणी तिला सांगितलं नव्हतं. अण्णांनी मेषेपासून सुरुवात केली. चुन्याचा पहिला हात दिला की हिंगूळ खालून गुलाबी फुटून वर यायचा, जखमेसारखा. दुसरा हात, तिसरा हात, मग पांढरं. मिथुनेच्या पहिल्या चित्रापाशी आले तेव्हा अनसाक्का म्हणाली, "ते शेवटाला पुसा, बाबा. तोवर मला बघू द्या." अण्णांनी ते सोडलं आणि पुढे गेले.

मी दुपारी तिथं गेलो. चहा नेला होता. अण्णांनी घेतला, हे मी विसरू शकत नाही. ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि बशीत ओतून प्यायले.

"अण्णा, मी शब्द मोडला."

"बायकोपायी बोललास. कळलं मला. समदी मुंडकी तिच्याकडं वळली तवाच कळलं."

मी किटलीचं झाकण लावलं.

"तुला खरं सांगू का, टेलर? तू बोलल्यावर मी गपच बसणार होतो. साठ वर्षांत असलं काम हातनं झालं न्हवतं. म्हटलं, एका बाईची खोली जाईल, पण भिंत ऱ्हाईल. दोनशे वर्षं ऱ्हाईल. लोक येऊन बघतील." बशी त्यांनी खाली ठेवली. "मग ती म्हणाली, एवढी चांगली? आन् मग गप बसता येईना."

तूळ राशीच्या चित्रापाशी चुना पोचायचा होता. बाजारात तराजू धरून बसलेला माणूस, पाठमोरा, एक कान जरा पुढे आलेला, जणू शेजारच्यांचं बोलणं ऐकतोय.

"हा कोण ते तू वळखलं न्हाईस," अण्णा म्हणाले. "बाकी सगळ्यांचं माप घेतोस ना."

मी बघितलं. नुसतं बघितलं. मग त्यांनी ब्रश चुन्यात बुडवला आणि मला पुसून टाकलं.

दिवस मावळायच्या आत भिंत पांढरी झाली. शेला आणि नारळ घ्यायला अण्णा थांबले नाहीत, पाचच्या एस.टी.नं मिरजेला गेले. पुढे त्यांनी ट्रकच्या फळ्याच रंगवल्या, असं कळलं. आकृती पुन्हा काढली नाही, फक्त अक्षरं आणि फुलं. शास्त्र्यांनी हरवलेल्या वस्तूचा प्रश्न त्यानंतर कुणाचाच घेतला नाही, आणि ती गिऱ्हाइकं नदीपलीकडच्या जोशाकडे गेली. संगमरवर घरीच पडून राहिला. अनसाक्काची पाळी आणि खोली तिच्याकडेच राहिली. ती पुढे सतरा वर्षं जगली, आणि तेल घालून झालं तरी थोडा वेळ तशीच हात वर करून उभी राहायची. नथ मिळाली नाही. कुणी नेली ते आजही माहीत नाही.

माझ्या हिशेबानं मी सुटलो होतो. बायको वाचली, अनसाक्काही वाचली, आणि अण्णा माझ्यावर रागावले नव्हते.

त्या संध्याकाळी घरी आलो. शालननं ताट वाढलं. समोर बसली. मी दोन घास खाल्ल्यावर तिनं विचारलं,

"सापडली का?"

"नाही. कुठं सापडतेय आता? देऊळ दोनदा झाडलं."

"देवळातलं नाही विचारत. माझ्या ट्रंकेत."

नथ गेली त्याच दिवशी, ती पाण्याला गेली असताना, मी तिची ट्रंक तळापर्यंत काढून बघितली होती. प्रत्येक लुगडं उलगडून, झटकून. मग प्रत्येक घडी जशीच्या तशी घातली होती. शिंप्याच्या हाताची घडी, रेघेवर रेघ. तिची घडी कधीच इतकी सरळ नसायची.

मी भाकरीचा तुकडा मोडला. तिनं माझ्या ताटात भाजी वाढली.

आम्ही पुढे अठ्ठावीस वर्षं एका दुकानात दोन मशीनवर काम केलं. ती मला जेवायला वाढायची, औषध द्यायची, माझ्या टिंगलीला हसायचीही. फक्त माझ्यासमोर तिनं पुन्हा कधी ट्रंक उघडली नाही.

म्हणजे नथीची किंमत म्हणून शास्त्र्यांनी वीस वर्षं भरली, केरबाअण्णांनी छत्तीस चित्रं भरली. ज्यानं नथ नेली त्यानं काही भरलं नाही, आणि मीही नाही. माझ्या वाटणीचं शालननं भरलं.